मॉडिफाइड इव्हो विकायची आहे? आधी ती थोडी मागे न्या

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. गाडी 2011 ची मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन टेन, एमएच-03 पासिंग, तुम्ही दुसरे मालक. डाउनपाइप (टर्बोमागचा एक्झॉस्टचा पाइप), मोठा इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा), ओपन फिल्टर, बाहेर हवा सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन), फोर्ज्ड चाकं आणि वर ईसीयू ट्यून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची बदललेली सेटिंग. सर्व्हिस एकही चुकवलेली नाही. घरात बाळ आलंय, सोसायटीत पार्किंग एकच, म्हणून गाडी काढायची आहे. ब्रोकर सांगतात तो आकडा ऐकून तुमचा पारा चढलाय, आणि मॉडिफिकेशनवर घातलेला पैसा वसूल कसा करायचा असं विचारताय.

तो वसूल होत नाही. रुपयाला चार आणे सुटले तरी खूप म्हणायचं, आणि तेही पार्ट गाडीपासून वेगळे काढून विकले तर. गाडीबरोबर विकले तर बऱ्याचदा उलटं होतं, त्याच पार्टमुळे भाव पडतो. मी याच धंद्यात आहे, टर्बोच्या गाड्या उघडतो, ट्यून करतो आणि ओळखीतल्या लोकांच्या गाड्या विकूनही देतो. सगळ्यांना एकच सांगत आलोय: देखभालीचे पैसे मिळतात, हौसेचे मिळत नाहीत. तुमच्याकडे देखभाल भरपूर आहे, म्हणून तुमची बाजू भक्कम आहे. फक्त ती दिसेल अशी मांडायला हवी.

ब्रोकर भाव पाडतो त्यामागे निव्वळ लबाडी नसते, कायदाही असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवर नोंदलेल्या आणि कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर कडक निकाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. विमा कंपनीला न कळवलेल्या बदलांवरून क्लेम अडतो तो वेगळाच. म्हणजे तुमच्या डाउनपाइपबरोबर गिऱ्हाईक एक जोखीमही विकत घेतो आणि तिची किंमत तुमच्या आकड्यातून कापतो. कापणारच.

म्हणून पहिलं काम, गाडी मूळ अवस्थेकडे न्या. पूर्ण नाही, थोडी. सगळंच काढायला बसलात तर मजुरी जाईल आणि गाडी उगाच उघडली जाईल. डाउनपाइप काढा, मूळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवाला परत बसवा. पीयूसीपासून आरटीओच्या तपासणीपर्यंत सगळीकडे आडवा येतो तो हाच पार्ट. चाकं काढा, मूळ चाकं चढवा. कॉइलओव्हर चांगल्या कंपनीचे असतील, गळत नसतील आणि गाडी जमिनीला टेकत नसेल तर राहू द्या, फक्त उंची मूळ मापाला आणा आणि अलाइनमेंट करून पावती जपून ठेवा. इंटरकूलर बसवताना बंपर आतून कापलेला नसेल तर तोही राहू दे. कापलेला असेल तर गिऱ्हाईकाने विचारायच्या आधी तुम्हीच दाखवा.

ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह मात्र आजच काढा. इव्हो टेनमध्ये एअरफ्लो सेन्सर फिल्टरच्या डब्यापाशी आहे. तिथून गेलेली हवा ईसीयूने मोजून झालेली असते आणि तेवढं पेट्रोल तो द्यायला बसतो. गिअर बदलताना थ्रॉटल मिटला की मूळ व्हॉल्व्ह ती हवा परत टर्बोच्या तोंडाशी सोडतो. तुमचा तिला बाहेर फेकतो. हवा गेली, पेट्रोल राहिलं, मिश्रण क्षणभर रिच. म्हणून गिअरला धूर, एक्झॉस्टमध्ये फटाके, काळे पडणारे स्पार्क प्लग, कधी सिग्नलला गाडी बंद. पोरांना तो ‘प्श्श’ आवाज आवडतो. पण पैसे घेऊन येणारा माणूस पोरगा नसतो, आणि त्याच्याबरोबर येणारा मेकॅनिक तो आवाज ऐकून मनातल्या मनात पंचवीस हजार कमी करतो.

आता ट्यून. हार्डवेअर मूळचं बसवलं आणि ट्यून जुनीच ठेवली, हा प्रकार मी बऱ्याच गाड्यांत पाहतो आणि तो धोक्याचा आहे. मोकळ्या डाउनपाइपसाठी लिहिलेला मॅप (ट्यूनचे आकडे) कॅटवाल्या एक्झॉस्टवर चालवला की बूस्टचं, म्हणजे टर्बोच्या दाबाचं, गणित बिघडतं. तुमच्या ट्यूनरने पहिल्या दिवशी मूळ रॉम, म्हणजे ईसीयूची कंपनीची फाइल, वाचून ठेवली असेलच. इव्होमध्ये ती ओबीडी पोर्टमधूनच (स्कॅनर जोडायच्या सॉकेटमधून) वाचता आणि लिहिता येते. ती फाइल मागून घ्या, गाडी मूळ मॅपवर आणा, आणि ट्यूनची फाइल पेन ड्राइव्हवर गिऱ्हाईकाला द्यायची तयारी ठेवा. मॅप कोणत्या पेट्रोलवर काढला हेही लिहून द्या. 100 ऑक्टेनवर काढलेला मॅप साध्या पेट्रोलवर पिळला की नॉक येणार, म्हणजे पेट्रोल आपोआप पेटून इंजिनला ठोके बसणार.

पेट्रोलवरून E20 चा, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, विषय निघेलच, हल्ली प्रत्येक गिऱ्हाईक काढतो. शुद्ध पेट्रोलला जळायला वजनाने साधारण 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे 9 पट, त्यामुळे E20 ला तो आकडा साडेतेराच्या जवळ येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल थोडं जास्त द्यावं लागतं. आरामात चालवताना ऑक्सिजन सेन्सर ते सांभाळून घेतो, स्कॅनरवर लाँग टर्म ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली दुरुस्ती) काही टक्के वर गेलेली दिसते. पण पूर्ण थ्रॉटलला ईसीयू सेन्सरचं फारसं ऐकत नाही, मॅपचं ऐकतो. जुन्या पेट्रोलवर काढलेला मॅप तिथे लीन होऊ शकतो, म्हणजे पेट्रोल कमी पडू शकतं. इथेनॉलचं ऑक्टेन जास्त, त्यामुळे नॉकच्या बाजूने थोडा दिलासा मिळतो, पण त्या भरवशावर कुणी इंजिन सोडू नये. रबरी होज आणि फ्युएल फिल्टर बदलले असतील तर ती बिलं वरच ठेवा.

खरा भाव ठरतो तो पुढच्या भागात, म्हणून इथे वेळ घालवा. गाडी गरम करून चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजा. थ्रॉटल पूर्ण उघडा, इंधन बंद, बॅटरी चार्ज. नुसता आकडा मोठा येऊन भागत नाही, चारही आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवेत. एखादा सिलिंडर मागे असेल तर लीक-डाउन करा, हवा व्हॉल्व्हमधून जातेय की रिंगमधून ते कळेल. मग एक स्वच्छ लॉग (गाडी चालताना घेतलेली ईसीयूची नोंद): तिसऱ्या गिअरमध्ये खालच्या आरपीएमपासून वरपर्यंत बूस्ट, मिश्रण, नॉक आणि इग्निशन टायमिंग. हा डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा ट्रॅकवर घ्या, ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर नको. सकाळी थंड इंजिन सुरू करताना फोन बोनेटजवळ धरून न तोडता व्हिडिओ घ्या. इव्हो टेनच्या 4बी11 इंजिनला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि ती सैल झाली की थंड स्टार्टला पहिले काही सेकंद खडखडते. जाणकार माणूस तो व्हिडिओ तीनदा ऐकतो.

गिअरबॉक्स तुमचा ट्विन क्लच एसएसटी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक. सगळ्यांना भीती वाटते ती याचीच, आणि ती खोटी नाही. ट्यूनमुळे टॉर्क वाढलेला, त्यात सायन-माटुंग्याचं बंपर टू बंपर, तेल तापतं आणि क्लच झिजतात. वरच्या गिअरमध्ये टॉर्कच्या शिखरावर आरपीएम चढते पण वेग चढत नाही, हे घसरण्याचं लक्षण. एसएसटीचं तेल आणि फिल्टर बदलल्याची बिलं, तारीख आणि किलोमीटरसकट, वेगळ्या पाकिटात घाला. तेल मित्सुबिशीने सांगितलेलंच आहे हे बिलावर दिसायला हवं. इतर कुठलंही डीसीटी (दोन क्लचच्या गिअरबॉक्सचं) तेल चालतं असं सांगणारे मेकॅनिक मुंबईत पुष्कळ आहेत.

एवायसी पंप तपासलात का? इव्होच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये डाव्या-उजव्या चाकाला टॉर्क वाटणारी ही हायड्रॉलिक व्यवस्था आहे, आणि तिचा पंप मागच्या चाकाच्या मागे, लायनरच्या आड बसतो. चिखल, पावसाचं पाणी, समुद्राची खारी हवा, सगळं तिथे उडतं. अॅल्युमिनियमचं अंग पांढरं पडतं, मग पापुद्रे सुटतात, मग दाब धरत नाही आणि डॅशवर एवायसी सर्व्हिसचा इशारा येतो. युरोपात रस्त्यावरच्या मिठाने जे होतं ते आपल्याकडे चार पावसाळ्यांत होतं. लायनर सोडवा, पंप ब्रशने साफ करा, जवळून फोटो काढा. पांढरं असेल तर आहे तसंच दाखवा. नवा पंप महाग आहे, भारतात शेल्फवर मिळत नाही, मागवावा लागतो, आणि गिऱ्हाईकाने इंटरनेटवर हे आधीच वाचलेलं असतं. तुम्ही स्वतःहून फोटो दिलात की बाकीच्या गाडीबद्दलचे निम्मे प्रश्न तो विचारतच नाही. माझ्या अनुभवात जाहिरातीतल्या सगळ्यात चकाचक फोटोपेक्षा हा एक कळकट फोटो जास्त काम करतो.

मुंबईची गाडी म्हटली की ‘पाण्यात गेली होती का’ हा प्रश्न ठरलेला. 26 जुलै 2005 तुमच्या गाडीच्या जन्माआधीचा, पण भीती तेव्हापासूनची आणि दर पावसाळ्यात ताजी होते. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पट्ट्याच्या टोकाचा फोटो द्या, तिथे चिखलाची रेघ लपत नाही. सीटखालचे कनेक्टर आणि कार्पेटखालचा पत्राही दाखवा.

आता वेळेचं गणित, जे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. 2011 ची नोंदणी म्हणजे 2026 मध्ये पंधरा वर्षं पुरी. त्यानंतर आरसीचं नूतनीकरण पाच वर्षांसाठी, फॉर्म 25 वर, मुदत संपायच्या 60 दिवस आधीपासून अर्ज करता येतो. गाडी तपासणीला न्यावी लागते, महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. तपासणीत चेसिस नंबर, इंजिन नंबर, रंग, दिवे, सायलेन्सर सगळं बघितलं जातं. मुदत संपत आलेली गाडी विकायला काढलीत तर गिऱ्हाईक ती सगळी यातायात तुमच्या आकड्यातून वजा करणार, आणि दुप्पट करून. माझं स्पष्ट मत: नूतनीकरण तुम्हीच करून घ्या, मग जाहिरात टाका. गाडी मूळ अवस्थेत आणायची घाई मी का करतोय, हेही आता लक्षात आलं असेल. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) पाट्या नसतील तर त्याही लावून घ्या, एप्रिल 2019 आधीच्या गाड्यांना त्या सक्तीच्या आहेत आणि त्याशिवाय आरटीओची कामं अडतात.

भाव कसा काढायचा? जाहिरातीत दिसतो तो मागण्याचा भाव, सौद्याचा नव्हे. भारतात इव्हो टेन अधिकृतपणे 2010 पासून थोडी वर्षं आली, त्यामुळे तुलनेला गाड्याच मूठभर. त्याच सालच्या, अपघात नसलेल्या, स्टॉक (मूळ अवस्थेतल्या) गाडीचा सौदा खरोखर कितीला झाला ते दोन-तीन गॅरेजवाल्यांकडून काढा, ते बरोबर सांगतात. तोच तुमचा पाया. विम्याची आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) कुणी पुढे केली तर हसून सोडून द्या. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही विमा कंपनी आणि मालक आपसात ठरवतात, तिचा बाजाराशी संबंध नसतो.

गिऱ्हाईक तीन तऱ्हेचे येतील. पहिला टाइमपास. फोनवर ‘लास्ट किती’ आणि ‘लाँच कंट्रोल दाखवा ना’. त्याला पत्ता देऊ नका. दुसरा डीलर. त्याच्याकडे आरटीओचं अधिकृत डीलर प्रमाणपत्र आहे का ते विचारा. 1 एप्रिल 2023 पासूनच्या नियमांत अशा डीलरच्या ताब्यात गाडी दिल्याची सूचना फॉर्म 29सी वर जाते आणि नवा मालक मिळेपर्यंत जबाबदारी त्याच्याकडे येते. प्रमाणपत्र नसेल तर तो नुसता दलाल. तिसरा म्हणजे अशीच गाडी शोधत असलेला माणूस. पुण्याचा, कोल्हापूरचा किंवा दक्षिणेकडचा. हा वेळ घेतो, मेकॅनिक आणतो, फाइल घरी नेऊन वाचतो. याच्यासाठी थांबायची तयारी ठेवा, दोन-चार महिने गेले तरी चालतील. दिल्लीहून फोन आला तर तिथले जुन्या पेट्रोल गाड्यांचे नियम त्याने आधी तपासावेत, टोकन नंतर.

अजून एक, दक्षिणेतल्या गिऱ्हाईकाच्या प्रश्नांना कंटाळू नका. सप्टेंबर 2025 मध्ये कस्टम्सने भूतानमार्गे आणलेल्या गाड्यांवर केरळात धाडी टाकल्या, तेव्हापासून कुठलीही दुर्मिळ जपानी गाडी म्हटली की कागद बारकाईने बघतात. तुमची गाडी भारतात अधिकृतपणे विकलेली, म्हणजे पहिल्या मालकाचं शोरूमचं बिल असेल तर ते सोन्यासारखं. पहिल्या मालकाकडे विचारून बघा, पुष्कळांच्या कपाटात पडलेलं असतं.

टेस्ट ड्राइव्हचे नियम मी कडक ठेवतो. आधी लायसन्सचा फोटो. पहिली फेरी मालक चालवणार, तेल तापेपर्यंत टर्बोवर जोर नाही, आणि हे मुद्दाम बोलून दाखवायचं, कारण त्यातून गाडी कशी वापरली ते समजतं. नंतर त्याच्या हातात द्या, तुम्ही शेजारी. ठिकाण अटल सेतू किंवा फ्रीवे नको, तिथे लोकांचा पाय आवरत नाही आणि ई-चलान तुमच्या नावावर येतं. रविवारी सकाळी ऐरोली बाजूचा मोकळा रस्ता पुरे. ठोकली तर क्लेम तुमच्या पॉलिसीवर, नो क्लेम बोनस तुमचाच जाणार. शेवटी गाडी लगेच बंद करू नका, मिनिटभर आयडलला ठेवा.

कागदांत ढिलाई नको. सह्या केलेले कोरे टीटी (मालकी बदलाचे) फॉर्म कुणाच्याही हातात द्यायचे नाहीत, एजंट तुमच्या मामाचा मुलगा असला तरी. फॉर्म 29 दोन प्रतींत, फॉर्म 30, कर्ज असेल तर फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र, परराज्यात जाणार असेल तर फॉर्म 28 ची एनओसी. राज्यातल्या राज्यात विक्री कळवायला तुम्हाला 14 दिवस, परराज्यासाठी 45. हे का महत्त्वाचं? फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या प्रकरणात ठरवलं की गाडी पुढे कितीही हात बदलली तरी आरटीओच्या नोंदीत नाव असलेलाच मालक आणि भरपाईचा जिम्मा त्याचा. पावणेतीनशे-तीनशे घोड्यांची गाडी आहे ही, नवा मालक पहिल्याच आठवड्यात काय करील सांगता येत नाही. डिलिव्हरी नोटवर तारीख आणि वेळ, दोन्ही लिहा.

पैसे आरटीजीएसने, आणि खात्यात जमा झाल्याचं बँकेच्या अॅपमध्ये स्वतः पाहिल्यावर चावी. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्याने बंद आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढाच. ‘थोडे ब्लॅकमध्ये करू’ म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. गाडी गेली की नो क्लेम बोनसचं पत्र विमा कंपनीकडून घ्या, बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो, आणि तीन वर्षांत पुढच्या गाडीला लागतो. फास्टॅगही बंद करा.

राहिले काढलेले पार्ट. आधी विकून टाकू नका, गाडीचा सौदा होईपर्यंत खोक्यात ठेवा. पुष्कळदा खरा गिऱ्हाईक स्टॉक गाडी बघून हो म्हणतो आणि मग हळूच विचारतो, ‘डाउनपाइप ठेवलाय ना?’ तेव्हा वेगळा भाव सांगा, गाडीच्या आकड्यात मिसळू नका, आणि ते ट्रॅकसाठी दिले असं डिलिव्हरी नोटवर लिहा. त्याने नाही घेतले तर चाकं लगेच जातील, 5x114.3 पीसीडी (बोल्टचं माप) आहे, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) जमला तर सिव्हिकवालेही घेतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मात्र नेऊ नका, फोर्ज्ड चाकाला तिथे अॅलॉयचा भाव सांगतील. डाउनपाइप दुसऱ्या इव्होवाल्यालाच लागेल, त्यामुळे त्याला वेळ लागेल. तो चटईत गुंडाळून माळ्यावर टाका.